पायगाडीची मोजदाद

शब्दांचें दैवही माणसांच्या दैवासारखेंच फिरतें. 'दुचाकी' हाच शब्द घ्या. आमच्या वडील पिढीला या शब्दानें पायांनीं चालवावयाची सायकल, म्हणजे जुन्या मराठींतील 'पायगाडी', हीच वस्तु डोळ्यांपुढें येत असे. आज वर्तमानपत्रांत 'दुचाकीस्वार जखमी' असें वाचलें म्हणजे मोटारसायकलच समजावयाची. जखमी झालेला मनुष्य खरोखर सायकलीवर असला तर बातमीदाराला तसें मुद्दाम लिहावें लागतें. ज्या वाहनासाठीं हा शब्द रूढ झाला त्याच्याकडून तो काढून घेतला गेला, आणि त्याच सुमारास रस्त्यावरील त्याची जागाही गेली. या दोन गोष्टींचा संबंध काय, व त्यांत आपणां सुशिक्षितांचा वांटा किती, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. सायकलीचा विषय निघाला कीं बोलणें सहसा पुण्याच्या रस्त्यांवरच फिरतें. तालुक्याचीं गांवें त्यांत येत नाहींत. म्हणून शिरपूर व त्याच्या भोंवतालचा खानदेश यांकडे दृष्टि ठेवून आम्ही हा विचार करणार आहों.

यंत्राची कुळकथा थोडक्यांत सांगतां येते. १८१७ सालीं जर्मनींतील मानहाइम येथें ड्रेस नांवाच्या सरदारानें दोन चाकांची लाकडी गाडी केली. तीवर बसून पायांनीं जमीन रेटीत धांवावयाचें असे. १८६० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें पुढील चाकाला पायडलें बसलीं. मग वेग वाढविण्याच्या हव्यासानें पुढचें चाक माणसाच्या छातीइतकें उंच झालें, आणि पडणाऱ्याचीं हाडेंही त्या मानानें अधिक मोडूं लागलीं. १८८५ सालीं इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ले यानें दोन्ही चाकें सारखीं करून मागील चाकाला सांखळीनें गति दिली, आणि १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप यानें हवा भरलेल्या रबरी धांवेचें पेटंट घेतलें. या दोन गोष्टींनीं सायकल पुरी झाली. पुढें सुधारणा पुष्कळ झाल्या. पण स्टार्लेची सायकल आज करवंद नाक्यावरील एखाद्या पंक्चरवाल्यापुढें ठेवली तर तिचा आऊट कसा काढावा हें त्याला कोणी शिकवावें लागणार नाहीं.

त्या काळीं आमच्याकडे काय होतें? तरुण विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत नोकरीस लागले व त्यांचीं पहिलीं कांहीं कामें धुळें भागांतच झालीं. तेव्हां अधिकाऱ्यानें फिरतीवर जावें तें घोड्यावरून, व्यापाऱ्यानें दमणींतून किंवा छकड्यांतून, आणि इतरांनीं पायीं. तापीच्या कांठची काळी जमीन बैलगाडीच्या लोखंडी धांवेखालीं खोल कापली जाई, आणि त्या दोन रेघांतूनच पुढील प्रत्येक गाडीला जावें लागे. 'चाकोरी' हा शब्द मराठीनें येथूनच उचलला. सायकलीला ही चाकोरी सोसत नाहीं. तिचें चाक त्या खांचेंत सांपडलें कीं स्वार आडवा झालाच. तिला चाकोरीच्या कडेची हातभर पायवाट पुरते, आणि ती वाट जिकडे जाईल तिकडे ती जाते. ज्याच्यापाशीं बैलजोडी नाहीं, घोडा नाहीं, चाऱ्याला पैसा नाहीं, अशा मनुष्याला चाकोरीबाहेर जावयाचें साधन प्रथमच मिळालें. सायकलीच्या इतिहासांतील महत्त्वाची गोष्ट हीच असें आम्हांला वाटतें.

आरंभीं मात्र ती साहेबाची चैन होती. इंग्लंडांतून येणाऱ्या रॅले, बी. एस. ए. व पुढें हर्क्युलिस या गाड्यांची किंमत कारकुनाच्या आवांक्याबाहेर असे. पहिल्या महायुद्धानंतर किंमती उतरत गेल्या, जपानी माल आला, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत सायकल डॉक्टर, वकील, शाळामास्तर, पोस्टमन व तारवाला शिपाई यांच्यापर्यंत पोंचली. तिच्याविषयीं तरुणांना किती उमेद वाटत होती याचें एक उदाहरण पुरे आहे. १९२३ सालच्या ऑक्टोबरांत मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे वाळवंटें व जंगलें तुडवून १९२८ सालच्या मार्चांत मुंबईस परत आले. विमानाचा प्रवास दुर्मिळ होता अशा काळांत, पायांच्या बळावर जग पाहतां येतें हें त्यांनीं दाखविलें.

सायकल गांवांत शिरली तेव्हां नगरपालिकेनें तिची दखल ताबडतोब घेतली. १९०१ च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्यानें नगरपालिकांना वाहनांवर कर बसविण्याची मुभा दिली होती. त्या आधारानें गांवोगांव सायकलींवर वार्षिक कर बसला, परवान्याचा पितळी किंवा पत्र्याचा बिल्ला पुढील दांडीला लटकूं लागला, आणि तो नसला तर शिपाई सायकल अडकवून ठेवूं लागला. रात्रीं दिवा हवा, घंटी हवी, डबलसीट बसावयाचें नाहीं, असे नियम झाले. घासलेटचा दिवा वाऱ्यानें विझला, त्याच्या मागून आलेला डायनॅमो सायकल थांबतांच मंद झाला, तरी दंड चुकत नसे. दिव्यासाठीं अडविलेल्या स्वाराच्या व पोलिसाच्या संवादावर मराठी माणसाच्या दोन पिढ्या हंसल्या आहेत.

या विनोदामागील एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्या काळीं गांवच्या रस्त्यावर सर्वांत वेगवान वाहन बहुधा सायकलच होतें. पायीं चालणारी म्हातारी, खेळणारीं मुलें, बुजणारा टांग्याचा घोडा या सर्वांना भय तिचें होतें. म्हणून कायद्याच्या दृष्टीनें सायकलस्वार हा संभाव्य आरोपी होता, आणि त्याचा दिवा व घंटी हीं इतरांच्या रक्षणासाठीं होतीं. हें योग्यच होतें. शिवाय बिल्ल्याचा एक फायदा असा कीं, गांवांत सायकली किती आहेत हें नगरपालिकेला दरसाल कळत असे. कर भरणारा मनुष्य रस्त्यावरील खड्ड्याबद्दल चार शब्द ऐकवूंही शकत असे. त्रासदायक कां होईना, पण त्याची मोजदाद होती.

स्वातंत्र्याच्या आगेमागें सायकल हिंदी झाली. मुंबईस वरळी येथें हिंद सायकलचा कारखाना होता. १९४९ सालीं मद्रासेकडे टी. आय. सायकल कंपनी स्थापन झाली, १९५१ सालीं सोनिपत येथें अॅटलास निघाली, १९५६ सालीं लुधियान्यास हिरो निघाली. यानंतरचीं तीस वर्षें हा सायकलीचा खरा भर होय. पुण्यास खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या कामगारांचा लोंढा सायकलींवर निघे, आणि त्या शहराला सायकलींचें शहर हें नांव पडलें. आमच्या खानदेशांत तो भर निराळ्या रूपानें दिसे. दुधाच्या बरण्या दोहों बाजूंस बांधून पहांटे गांवांत येणारा गवळी, हिवताप निर्मूलनाचा कर्मचारी, ग्रामसेवक, दवाखान्याची नर्स, खेड्यावरून शाळेस येणारा विद्यार्थी हे सर्व सायकलीवर असत. शिरपुरास रेल्वे नाहीं. ताप्ती व्हॅली लाइनीवरील नरडाणा स्टेशन तापीपलीकडे आहे. अशा गांवीं मोटार चुकली तर सायकलीवांचून गति नसे.

आमच्या विद्यार्थिदशेंत तासाच्या भाड्यानें सायकल मिळे, आणि दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत मुलें मोठ्या माणसांची सायकल शिकत. लग्नांत नवऱ्या मुलाला घड्याळ व सायकल देण्याची रूढि होती; ती रूढि वाईट, पण त्या वस्तूची प्रतिष्ठा तींतून कळते. स्त्रियांच्या दृष्टीनें तर हिचें महत्त्व फारच मोठें. स्त्रियांना मोकळें करण्याचें काम सायकलीइतकें दुसऱ्या कशानेंही झालें नाहीं, अशा आशयाचें मत अमेरिकेच्या सुझान अँथनी बाईंनीं १८९६ सालीं दिलें होतें. आपल्याकडे त्याचा पडताळा तामिळनाडूंतील पुदुकोट्टै जिल्ह्यानें १९९१ च्या सुमारास दिला. तेथें साक्षरतेच्या चळवळींत शीला राणी चुंकत या कलेक्टरबाईंनीं सायकल शिकणें हा अक्षरओळखीइतकाच आवश्यक पाठ ठरविला, आणि लाखावर खेडवळ बायका सायकल चालवूं लागल्या. बाबा आमटे यांनीं १९८५ सालच्या डिसेंबरांत कन्याकुमारीहून काश्मीरकडे 'भारत जोडो' यात्रा काढली, तेव्हां त्यांच्याबरोबर निघालेले शंभरावर तरुण-तरुणी सायकलींवरच होते.

खानदेशांत सायकल चालविणें हें हवेशीं झुंजणें आहे. चैत्र-वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर जातो, डांबर मऊ होतें, आणि सीटवर हात ठेववत नाहीं. उन्हांत उभ्या केलेल्या सायकलीची ट्यूब धडाका करून फुटते. पंक्चरवर लावलेलें ठिगळ सोल्यूशन पातळ होऊन सुटतें. म्हणून उन्हाळ्यांत हवा बेतानेंच भरावयाची, सायकल लिंबाखालीं ठेवावयाची, डोक्याला रुमाल गुंडाळावयाचा व खिशांत कांदा बाळगावयाचा, हें ज्ञान येथें पोरासोरांनाही असे. आषाढांत संकट निराळें. काळी माती मडगार्डांत भरून चाक फिरेनासें होतें. म्हणून पुष्कळ शेतकरी मडगार्डच काढून टाकीत. पोलादी रिम ओली झाली कीं रबरी ब्रेक तिला धरीत नाहींत. कोरड्यांत चार हातांवर थांबणारी सायकल पावसांत कितीतरी पुढें जाऊन थांबते. शिवाय तापीचें खोरें पश्चिमेकडे उघडें असल्यानें पावसाळी वारा त्यांतून सरळ वर चढतो. साक्री तालुक्यांत ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचें जें रान उभें राहिलें आहे तें याच वाऱ्याच्या भरंवशावर. त्या वाऱ्याला तोंड देऊन सायकल रेटणाऱ्याला पवनचक्कीचें गणित निराळें समजावून द्यावें लागत नाहीं. पाऊस सरला कीं सराटे व बाभळीचे कांटे आहेतच.

हें सर्व इतकें सविस्तर सांगण्याचें कारण असें कीं, 'आमच्याकडील उन्हांत सायकल कोण चालविणार' हा प्रश्न आज सुशिक्षित घरांत नेहमीं ऐकूं येतो. तो खरा असता तर १९३५ सालीं किंवा १९७५ सालीं येथें सायकली दिसल्याच नसत्या. ऊन तेव्हांही होतें, आणि वाटेंत थंड पाण्याची बाटली विकत मिळत नव्हती. लोक उन्हाची वेळ टाळीत. सकाळची शाळा, सकाळचा बाजार, संध्याकाळचा परतीचा रस्ता अशी दिनचर्याच हवेला धरून होती. याच्या उलट, ज्या हॉलंड देशाचें उदाहरण सर्वत्र देतात तेथील हवा सायकलीला मुळींच अनुकूल नाहीं. पाऊस व समोरचा वारा हें तेथें रोजचेंच. तेथेंही दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींनीं सायकलींना रस्त्याबाहेर ढकललें होतें. १९७१ सालीं त्या लहानशा देशांत रस्त्यांवर सुमारें ३,३०० माणसें मेलीं, व त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां मुलांच्या आईबापांनीं 'बालहत्या थांबवा' अशी चळवळ उभारली, १९७३ च्या तेलटंचाईनें तिला जोर आला, आणि हळूहळू सायकलींचे स्वतंत्र मार्ग झाले. तेथील आभाळ बदललें नाहीं, रस्ते बदलले.

मग आमच्याकडे काय झालें? १९७२ सालीं किनेटिक कंपनीची 'लूना' आली. तिला पायडलें होतीं, म्हणजे ती अर्धी सायकलच होती. पण तिनें पाय मोकळे केले. १९८५ सालीं हिरो होंडाची मोटारसायकल बाजारांत आली. ज्या घराण्यानें सायकली विकून लौकिक मिळविला त्याच घराण्यानें सायकलीची जागा घेणारें वाहन आणावें, हा योगायोग मोठा बोलका आहे. पुढें हप्त्यांवर गाड्या मिळूं लागल्या आणि मध्यम वर्गानें सायकल सोडली. यांत निंदेचें कांहीं नाहीं. पळासनेरच्या शेतकऱ्याला आजारी आईस रात्रीं शिरपूरच्या दवाखान्यांत आणावयाचें असेल तर मोटारसायकलीचे उपकार तो जन्मभर विसरणार नाहीं. सायकलीनें बैलगाडीच्या मानानें जें केलें तेंच मोटारसायकलीनें सायकलीच्या मानानें केलें. आमची तक्रार मोटारसायकलीवर नाहीं. सायकल सोडतांना आपण तिच्यावर बसलेल्या माणसालाही मोजणें सोडलें, ही आमची तक्रार आहे.

ही मोजदाद कशी सुटली पाहा. सायकलीवरील कर उत्पन्नापेक्षां वसुलीचा खर्च जास्त म्हणून ठिकठिकाणीं बंद झाला, आणि बिल्ला दांडीवरून उतरला. गरिबाचे चार पैसे वांचले हें चांगलें झालें. पण त्याबरोबर गांवांत सायकली किती हें सांगणारी वहीही बंद झाली. मोटारगाडीची नोंद सरकारी कचेरींत होते, तिचा आंकडा दरसाल फुगतो, आणि तो पाहून रस्ते रुंद होतात. सायकलीची नोंद दहा वर्षांतून एकदां जनगणनेंत. २०११ च्या जनगणनेप्रमाणें देशांतील शेंकडा ४४.८ घरांत सायकल होती व शेंकडा २१ घरांत मोटारसायकल किंवा स्कूटर. म्हणजे सायकलवालीं घरें दुपटीहून अधिक. ज्यांना वाटतें कीं सायकल केव्हांच संपली, त्यांनीं हा आंकडा पुन्हां वाचावा. पण हे आंकडे घरांतील सायकलीचे आहेत. सकाळीं नऊ वाजतां अमुक नाक्यावरून किती सायकली जातात, त्यांवर किती मुली असतात, त्या कोठें रस्ता ओलांडतात, हें कोणीही मोजीत नाहीं. ज्याची मोजदाद नाहीं त्याची दाद नाहीं, हा राज्यकारभाराचा जुनाच नियम आहे.

त्या नियमाचें फळ रस्त्यावर दिसतें. मुंबई-आग्रा रस्ता शिरपूर तालुक्यांतून जातो. सावळद्याचा पूल ओलांडून, शिरपूर फाट्यावरून तो सातपुड्याच्या घाटाकडे चढतो. पूर्वीं या रस्त्यानें बैलगाड्या, टांगे व सायकली एकत्र चालत. आज तो चौपदरी आहे, त्यावरून रात्रंदिवस अवजड मालमोटारी धांवतात, आणि रस्त्याच्या एका बाजूस शेत व दुसऱ्या बाजूस शाळा असलेल्या मनुष्यानें तो कसा ओलांडावा याचा विचार रस्ता आंखणाऱ्यानें शेवटीं केलेला दिसतो. दूरच्या वळणाला जाऊन यावयाचें तर मैलभर पायडलें मारावीं लागतात. म्हणून सायकलस्वार उलट दिशेनें कडेकडेनें येतो, आणि अपघात झाला म्हणजे नियम मोडल्याचा दोष त्याच्याच माथीं बसतो. २०२२ सालीं हिंदुस्थानांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं; त्यांत शंभरांमागें सुमारें तीन सायकलस्वार होते. प्रमाण लहान दिसतें, पण संख्येनें हे जीव कांहीं हजार होतात, आणि यांपैकीं कोणाच्याही सायकलीचा धक्का लागून दुसरा कोणी मेल्याचें क्वचितच ऐकूं येतें. शंभर वर्षांपूर्वीं जो संभाव्य आरोपी होता तो आज बळी आहे. आरोपी व बळी यांच्या मधली जी नागरिकाची जागा, ती त्याला कधीं मिळालीच नाहीं.

पुण्यासारख्या मोठ्या शहरांनीं कांहीं प्रयत्न केले. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानंतर तेथें सायकलमार्ग आंखले गेले, आणि २०१७ सालीं सर्व शहरासाठीं सायकलींची योजना मंजूर झाली. पण मार्ग तुटक राहिले, त्यांवर गाड्या उभ्या राहूं लागल्या, आणि भाड्याच्या सायकलींचा उपक्रम थोड्याच काळांत ओसरला. मार्ग आधीं आंखला गेला व तो कोणासाठीं याचा विचार मागून झाला, हें त्याचें कारण असें आमचें मत आहे.

शिरपुरासारख्या गांवाला याहून सोपें काम आहे. गांवाचा विस्तार असा कीं एका टोकाहून दुसऱ्या टोकास सायकलीनें पोंचावयास फार वेळ लागत नाहीं. जमीन बहुतेक सपाट. शाळा व महाविद्यालयें इतकीं कीं तरुण मुलामुलींचा राबता दिवसभर चालू. राज्य शासनाच्या मानव विकास कार्यक्रमांतून मागासलेल्या तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, आणि त्या जिल्ह्यांत धुळेंही आहे. म्हणजे सरकार एका हातानें मुलीला सायकल देतें, आणि ती घेऊन ज्या रस्त्यावर जावयाचें तो रस्ता मात्र तिला विसरून बांधतें. मुलगी आठवींत सायकल शिकते व महामार्ग ओलांडावा लागतो म्हणून अकरावींत घरीं बसते, असें एकाही घरांत घडलें तरी तो गांवाच्या शिक्षणाचाच तोटा आहे.

आतां सुशिक्षितांच्या वांट्याकडे वळूं. ज्या घरांतून पूर्वीं प्राध्यापक व वकील सायकलीवर निघत, त्या घरांत आज सायकल हें मुलाचें खेळणें किंवा वैद्यानें सांगितलेला व्यायाम आहे. सायकलीवर कामाला जाणें हें गरिबीचें लक्षण मानलें जातें. रस्त्याबद्दल अर्ज लिहिणारा, सभेंत प्रश्न विचारणारा, वर्तमानपत्रांत पत्र धाडणारा हा वर्ग सायकलीवरून उतरला, तेव्हां तिच्यावर उरलेल्यांची बाजू मांडणाराही उतरला. सर्वांनीं पुन्हां सायकलीवर बसावें असा उपदेश आम्ही करीत नाहीं. उपदेशानें वाहनें बदलत नसतात. पण लेखणी व वेळ हीं दोन साधनें या वर्गापाशीं अजून आहेत. शिरपूर-वरवाडे नगरपरिषदेनें महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांच्या साहाय्यानें वर्षांतून एक दिवस, सकाळीं व सायंकाळीं, गांवाच्या प्रत्येक नाक्यावर सायकली मोजाव्या, आणि तो आंकडा रस्त्यांच्या अंदाजपत्रकापुढें ठेवावा, एवढी मागणी करण्यास मोठा खर्च नाहीं व मोठें धैर्यही नको. पितळी बिल्ला परत यावा असें कोणी म्हणणार नाहीं. त्या बिल्ल्यामागें जी वही होती ती मात्र पुन्हां उघडली पाहिजे, आणि तिच्यांत पहिलीं नांवें शाळेंत जाणाऱ्या मुलींचीं पडलीं पाहिजेत.